फेस बसलेली बिअर

रोपवेचा डबा अर्धी दुपार दरीवर वाऱ्यात लटकत होता. वारा वाढला की वाजायची ती घंटा वाजलीच नाही. माणसं सुखरूप उतरली आणि रोपवेचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या क्योतोतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बळीचा बकरा शोधणं सुरू झालं. तो आयताच सापडला. घंटेचा भाग लिहिणारी नवी मुलगी, सायो इनुकाई.

तपास रित्सुको त्सुकुदाकडे आला. निवृत्तीला टेकलेल्या रित्सुकोला असल्या कामांचा वीट आला होता.

नोकरी जाणार हे धरून सायो सामान खोक्यात भरत होती.

"फाइल अर्धवट होती?" रित्सुकोने विचारलं.

"हो. निघताना सगळेच ठेवतात, तशी सामाईक यंत्रावर ठेवली. तुटकी फाइल दिसली की ते पुढचं काम थांबवतंच ना!"

"आणि थेट पार्टीला?"

"हो, वर्षअखेरची. सगळ्यांना बिअर मीच ओतली. पहिला घोट घेईपर्यंत फेस पार बसला. मलाच बोलणी बसली."

रित्सुको यंत्रापाशी गेली. लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या फाइली जोडून प्रोग्रॅम बांधणारं अवजार त्यावर होतं. तुटकं सापडलं तर थांबायचं, नुसता इशारा देऊन कुरकुरायचं की गप्प राहायचं, हे त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. कुरकुर फक्त पडद्यावर उमटते, तिची नोंद कुठे राहत नाही. तिने तीच फाइल दिली. अवजार थांबलं.

मग पार्टीच्या संध्याकाळी का नाही थांबलं?

तिने विभागप्रमुख हामुरोंना सायोच्या टेबलापाशीच बोलावलं.

"बांधणी कोणी केली, हामुरोसान?"

"आपोआप झाली. वेळ लावली होती. मी सगळ्यांच्या आधी पार्टीला गेलो."

"मग थांबली कशी नाही?"

"जरा कुरकुरलं आणि पुढे गेलं. यंत्रच ते! पण फाइल तुटकी ठेवली या पोरीनेच."

रित्सुको दमून खुर्चीत बसली.

"साहेबांनी ग्लास उचलल्याशिवाय आपल्यात कोणी घोट घेतो का? फेस बसेपर्यंत सगळे तुमचीच वाट बघत होते. तुम्ही इथे होतात. आज देतो म्हणून गिऱ्हाइकाला शब्द दिलेला, आणि अवजार अडून बसलेलं. तुम्ही त्याला नुसतं कुरकुरायला सांगितलं, प्रोग्रॅम पाठवला, सेटिंग परत जागेवर ठेवलं. घंटेचा तुटका भाग तसाच गेला आणि वारा सुटल्यावर बंद पडला. आता सांगा, इथे नव्हतात, तर ते कुरकुरलं हे कळलं कसं?"

हामुरो पुटपुटले, "एवढ्याशाने काय होतंय, वाटलं."

"मला फोन करायचा," सायो म्हणाली. "मी धावत आले असते."

"पार्टी रंगात आली असेल... कशाला मोडायची, म्हटलं."

"आठवडाभर मी रोज तुमच्यासमोर वाकून माफी मागत होते, हामुरोसान. आणि तुम्ही ती घेत होतात."

सायोने खोक्यातलं सामान एकेक करून टेबलावर परत मांडलं आणि रिकामं खोकं हामुरोंच्या हातात दिलं.