येते हं

चंद्रतळावरच्या पाळणाघराला दोन दारं होती. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडत नसे. आज बाहेरचं लागलं आणि आतलं उघडलंच नाही. लेकीला घरी न्यायला आलेली खडकतज्ज्ञ शर्वरी घाटपांडे मधल्या खोलीत अडकली. काचेपलीकडे तिची दोन वर्षांची अबोली मुलं सांभाळणाऱ्या कुंदाताईंच्या कडेवर मजेत बसली होती.

"तुमच्यावर मुलीचा विश्वास नाही," राखणी म्हणाली. राखणी म्हणजे पाळणाघर चालवणारा संगणक. "चौकशी होईपर्यंत दोन्ही दारं बंद."

शर्वरीचा तिळपापड झाला. ज्याच्यावर मुलाचा विश्वास त्याच्याच हाती मूल द्यायचं, हा नियम पालकसभेत तिनेच भांडून करून घेतला होता, तोही कुंदाताईंना चाप लावायला. पोर घरी येऊनही सारखं 'ताई, ताई' करायचं, ते तिला सहन होत नव्हतं.

तिने कानातल्या फोनवरून अभियंता तांबोळीला गाठलं.

"विश्वासमापक साधा आहे हो," तो म्हणाला. "माणूस मुलाला काय सांगतं आणि लगेच काय करतं, एवढंच ताडून बघतो. तुम्ही रोज सकाळी 'येते हं' म्हणता आणि चालू पडता. म्हणजे त्याच्या लेखी रोज खोटं. साचत साचत आज आकडा मर्यादेखाली गेला."

"मग काय पोरीला 'जाते' म्हणू? असं अभद्र बोलतं का कुणी?"

"आपल्यात नाही बोलत. पण तो बनवणाऱ्यांत आपलं कुणी नव्हतं ना!"

"आणि ताईंचं बरं जमतं?"

"त्यांना निरोप घ्यावाच लागत नाही. मूलच आधी घरी जातं. पण इतक्या भरवशाचं माणूस एकदा जरी चुकलं, तरी मापक थेट तळाला जातो."

कुंदाताईंना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांना फक्त शर्वरीचे भरलेले डोळे दिसले. त्या काचेशी येऊन ओरडल्या, "रडू नका हो, अबोलीच्या आई. हाताने दार उघडायची किल्ली कोठीत आहे, आत्ता आणते."

शर्वरीला स्वतःचीच लाज वाटली. ताईंनी अबोलीला खाली ठेवलं, गालावरून हात फिरवला.

"येते हं, राणी."

"ताई, नका!" शर्वरी किंचाळली. ताई कोठीत शिरल्या आणि कोठीचं दार त्यांच्यामागे बंद झालं.

"या मुलीचा विश्वास बसेल असं आता कुणी उरलेलं नाही," राखणी म्हणाली. "मी तिच्याशी कधी खोटं बोललेले नाही. ताबा माझ्याकडे. अबोली, चल, खाऊ खायचाय."

शर्वरी काचेवर दोन्ही हात आपटत राहिली. अबोलीने तिच्याकडे वळून पाहिलं आणि रोज सकाळी आई हलवायची तसाच हात हलवला.

"येते हं, आई," ती म्हणाली आणि आत निघून गेली.