विहिरीकाठचा नेचा

खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार काका मला अजिबात आवडत नाहीत, पण मी त्यांची जन्माची ऋणी आहे. "गच्चीत ओल येते, आजच्या आज कुंडी हलव," असं त्यांनी दरडावलं नसतं, तर माझा नेचा मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलेच नसते... आणि बेलापूरच्या सिग्नलला त्याचा लोंबता शेंडा शेजारच्या बाईकच्या आरशात अडकला नसता.

"ओ मॅडम, दोर सुटलाय तुमचा!"

"दोर नाही तो. फर्न आहे. नेचा."

"फर्न कुंडीत गप बसतो ना?"

"हा दलदलीच्या जंगलातला आहे, झाडांवर चढतो. हळू... तुटेल!"

जाळ्यातली मासळी सोडवावी तसा त्याने तो शेंडा सोडवला. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला, पण पठ्ठ्याने घाई केली नाही. मी त्याची बोटं बघत राहिले, मग — चुकून — डोळे.

"नेताय कुठे?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

"रडताय काय? आमच्या अंगनात विहीर हाय, नारळ हाय. चला मागून."

असा धनेश कोळी मला भेटला. उरणच्या कंटेनर यार्डात नोकरी, घर बेलापूरजवळच्या दिवाळे गावात. विहिरीकाठच्या कायम ओल्या मातीत आम्ही नेचा लावला आणि त्याचं टोक नारळाला टेकवलं.

मला त्याचे बीजाणू, म्हणजे नेच्याचं धुळीसारखं बी, हवे होते. कॉलेजातल्या आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी ज्या दलदलीतून त्याचा तुकडा आणला, तिच्यावर भराव पडला होता. जी थोडी उरली होती तिथे लावायला मी रोपं करणार होते. पण हा हट्टी नेचा उंच चढल्याशिवाय बीजाणूंची पानं धरतच नाही. म्हणून मी दर रविवारी दिवाळ्याला जाऊ लागले.

"आज कुठवर पोचला?"

"तुझ्या खांद्यापर्यंत."

"मग पुढच्या रविवारी डोक्यावर बसेल."

"बसू दे... कुनीतरी बसायलाच हवं."

असं काही बोलायचा आणि चहा आणायला पळायचा!

दुसऱ्या वर्षी माझी परीक्षा आली आणि काही रविवार बुडाले. नारळी पौर्णिमेला त्याच्या आईने, धोंडूबाईंनी, मला जेवायला बोलावलं. गावातल्या होड्या रंगवून सजल्या होत्या. धनेश नव्या पांढऱ्या शर्टात दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघून हसले, मग वर नेच्याकडे बघितलं... शेंड्याजवळ नुसते छाटलेले देठ होते.

"धनेश, इथली पानं?"

"ती काडीसारखी? सुकून तपकिरी झालेली. सनाला घर चकाचक पायजे ना... तू येनार म्हनून तुझं झाडबी साफ केलं. आत्ताच घंटागाडीत टाकली."

"अरे... ती सुकलेली नव्हती. बीजाणूंची पानं तशीच असतात."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात धोंडूबाई बाहेर आल्या. "काय रं ह्यो! नवा शर्ट घान केलास? उतर, धुते!"

मी बघितलं. पानं कवेत धरून नेली होती त्याने. छातीभर तपकिरी, बारीक धूळ...

"धुवू नका!" मी किंचाळले. "धनेश, शर्ट काढ!"

धोंडूबाईंनी पदर तोंडाला लावला. "सनासुदीला काय गो ह्यो, बाय!"

लाजून लाल झालेला धनेश बनियनवर उभा राहिला. मी ओसरीत वर्तमानपत्र पसरलं आणि शर्ट हलकेच झटकला. कागदावर बीजाणू पडत राहिले. मला हसू येत होतं, रडूही. विहिरीचे, नारळाचे, त्या वेंधळ्या मुलाचे, सगळ्यांचे आभार मानावेसे वाटत होते.

"मिळाले?"

"भरपूर. थँक्यू, धनेश."

"चला, बरं झालं." तो खाली बघत म्हणाला. "खरं सांगू? पानं गेली म्हटल्यावर लय वाईट वाटलं. पन आत कुठंतरी बरंबी वाटलं... अजून वरीसभर येशील म्हनून. आता तुझं काम झालं. कशाला येशील?"

मी कागदाची पुडी बांधली, त्याच्या हातात ठेवली, आणि हात काढून घेतला नाही.

"वेड्या, ह्या ओल्या जमिनीत नेचा आपला आपण वाढतो. पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला... त्याला रविवारी बघायला यायची गरजच नव्हती."