साजाखालची राख

राख अजून गरम होती.

फौजदार रविता रहांगडाले यांनी वाळकी काडी घेऊन ती उकरली. टेपांच्या वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा वर आला. राखेभोवती तीन लिंबं मांडलेली, लिंबांवर शेंदूर. वर साजाचं, म्हणजे ऐनाचं, जुनं झाड. त्याची खालची पानं आगीनं करपली होती.

"जादूटोणा," दिग्दर्शक निरंजन दळवी म्हणाले. "आजवरचं सगळं शूटिंग जाळलं हो. या लोकांना कामं द्यायची आणि..."

"कुठल्या लोकांना?" रविताबाईंनी विचारलं.

दळवींनी सिगारेट पेटवली.

२००४ सालचा जानेवारी होता. राज्याच्या पूर्व टोकाच्या प्रतापगडच्या पायथ्याशी, धान निघालेल्या बांध्यांमध्ये, मोकळ्या शेतांत, मुंबईच्या मंडळींनी तंबू ठोकले होते. जंगलचोरांना अडवणाऱ्या एका गोंड बाईची कादंबरी होती, तिच्यावर सिनेमा चालला होता. बाईची भूमिका रेणू करत होती. हीच रेणू ठाण्यासमोरच्या टपरीवरच्या पोस्टरात गोरेपणाच्या क्रीमची डबी गालाला लावून हसायची. रविताबाई रोज तिच्याकडे पाठ करून चहा प्यायच्या.

कादंबरी त्यांनी कॉलेजात वाचली होती. तिच्यात लिंबं कुठंच नव्हती.

हवालदार खुमेंद्र पटले यांनी तोवर चोर धरूनही आणला होता. फुलवंता मडावी, पलीकडच्या टोलीतली, गोंड वस्तीतली. सकाळी सिनेमातल्या नाचाच्या गर्दीत कामाला आली होती आणि भांडून गेली होती. दुपारी ती परत आलेली आपण स्वतः पाहिली, असं रेणू सांगत होती. पोरीचं पोलीस भरतीत नाव लागलेलं, आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. एक गुन्हा नोंदला की सगळं मातीत.

"कायले भांडली?" रविताबाईंनी विचारलं.

"रंग लावून राहिले होते मॅडम. कारा रंग, साऱ्या बायायले. मी म्हटली, मी गोंडीनच व्हो, मले आणखी का गोंडीन बनवता? त मेकअपवाला म्हणते, तू गोंडासारखी दिसत नाहीस. पुरी कारी नाहीस म्हणे."

"मग?"

"मग त्याचं लुगडं अन् पिसं त्याच्याच अंगावर फेकली. घरी गेली. त्या पुस्तकातली बाई माह्या आजीवरून लिवली व्हय. आजीच्या मुंडीत पीस कधीच नोयतं."

"रंग लागलाच नाही?"

"थेंबभर नाई. बायायले इचारा."

नाचातल्या बायकांनी तेच सांगितलं. वर एकीनं कोपरापर्यंतचा काळा हात पुढं करून म्हटलं, "आमाले लावला, पाहा. देवानं कमी कारं केलं होतं जसं."

बायका हसल्या. रविताबाईंना हसू आलं नाही.

टेपांच्या तंबूवर सेवकराम होता. गावातलाच माणूस, त्याच दिवशी पहाऱ्यावर लागलेला.

"जेवणाच्या सुट्टीत कोणाला पाहिलं?"

"गोंडीन होती. कारीकुट्ट. लाल लुगडं, हातावर गोंदन, केसात पीस. तंबूत गेली, पदराखाली कायतरी घेऊन निंगाली, साजाकडे गेली."

"थांबवलं काऊन नाही?"

"त्या बाया पानी आनाले येत-जात राह्यतात. कोनाकोनाले थांबवू?"

"चेहरा कसा होता?"

सेवकराम गोंधळला. "चेहरा कायले पाहू मॅडम? गोंडीन होती ना."

रविताबाई उठून मेकअपच्या तंबूत गेल्या. तिथं मेकअपवाला श्यामलाल डबे पुसत कुरकुरत होता.

"दोन-दोन तास घासून मॅडमला काळं करा, आणि मॅडम जेवणाच्या सुट्टीत धुऊन टाकतात! दुपारून शूटिंग होतं की. म्हणे, खाज सुटली."

"गोंदण तुम्हीच काढता?"

"सगळ्यांना एकच छाप. हे बघा."

दळवी तंबूबाहेर सिगारेट ओढत होते.

"दळवीसाहेब, त्या लिंबांचं काय? पुस्तकात नाहीत ती."

"सिनेमात आहेत. नायिका झाडाखाली आग पेटवते, लिंबं मांडते. प्रेक्षकांना आदिवासी म्हणजे काहीतरी हवं ना! उद्या घेणार होतो तो सीन."

"कोणाला माहीत होता?"

"कालच लिहिला. मला आणि रेणूला."

"सुट्टीत तुम्ही कुठं होता?"

"पंगतीत. सगळ्यांसोबत जेवत होतो." त्यांनी उसासा टाकला. "आता पहिल्यापासून करायचं. निदान रंग तरी हलका करता येईल. रेणू केव्हाची मागं लागलीय."

फुलवंताला रविताबाईंनी रात्री घरी जाऊ दिलं. पटले चरफडले, "मॅडम, पळून गेली तर?" त्यावर म्हणाल्या, "मग माझी वर्दी काढून घ्या."

सकाळी दळवींनी पुन्हा कॅमेरा लावला. रविताबाईंनी त्यांना एकच विनंती केली होती: नायिका कालच्याच रंगात, पदराखाली गाठोडं घेऊन झाडाकडे चालत जाते, एवढंच आधी घ्या. मग सेवकरामला त्यांनी जीपमागं उभं केलं. शेजारी सलवार-कमीज घातलेली फुलवंता.

लाल लुगड्यातली बाई बांधीतून चालत निघाली.

सेवकराम ओरडला, "तेच! तेच व्हय ते गोंडीन! धरा तिले!"

कॅमेरा थांबला. लाल लुगड्यातल्या रेणूनं वळून पाहिलं.

"ते त हिरोईन व्हय गा," पटले पुटपुटले.

"हिरोईन त गोरी आहे ना?" सेवकराम म्हणाला.

रविताबाई बांधीत उतरल्या. "सेवकरामनं ओळखलं म्हणून मी कोणाला धरणार नाही. त्यानं पीस पाहिलं, रंग पाहिला. बाई पाहिलीच नाही. तशी साक्ष फुलवंतावरही चालत नाही."

त्या साजाजवळ थांबल्या.

"साजात गोंडांचा बडादेव राहतो. या झाडाखाली कोणी गोंड आग पेटवणार नाही, जीव गेला तरी. म्हणजे नाचातल्या बाया नाहीत, फुलवंताही नाही. आग लावणाऱ्याला गोंड फक्त कागदावर ठाऊक होते, आणि तो कागद दोघांनीच वाचला होता. दळवीसाहेब पंगतीत होते. राहिलं कोण? आणि मुंबईच्या माणसांपैकी काळा रंग लावून, गोंदण काढून कोण फिरत होतं? एकटी रेणू."

"काहीही!" रेणू म्हणाली. "मी का जाळू माझंच काम?"

"काळी दिसत होतात म्हणून. क्रीमवाल्यांना काळं तोंड चालत नाही. पुन्हा शूटिंग झालं असतं, रंग उतरला असता. खाज सुटली नव्हती बाई. तंबूत जाताना कोणी पाहिलं असेल, म्हणून घाईनं रंग धुतला. आत्ता गाठोडं एकट्या डाव्या हातानं धरलंत; आग लावताना भाजलेला उजवा हात दाखवा."

रेणूनं मूठ आवळली. श्यामलालच पुढं झाला आणि चाचरत म्हणाला, "फोड आहेत मॅडम. आज सकाळी रंग लावताना ओरडल्या होत्या. मला वाटलं, खाजेचेच."

रेणूला रडू फुटलं. "क्रीमवाल्यांनी माझा काळा फोटो पाहिला! म्हणाले, असंच दिसायचं असेल तर दुसरी बघतो. माझं सगळं जात होतं!"

"आणि हिचं?" रविताबाईंचा आवाज चढला. "हिला पाहिलं म्हणून खोटं सांगितलंत. वर्दी मिळायला आली होती हिला. तुमचा रंग साबणानं गेला. हिच्यावरचा डाग कशानं गेला असता?"

रेणू खाली बसली. पटले तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. फुलवंताकडं मात्र त्यांना पाहवेना.

दळवी डोकं धरून उभे होते. मग त्यांची नजर फुलवंतावर गेली आणि डोळे चमकले.

"तू करशील का ही भूमिका? तुझ्याच आजीची गोष्ट ना? अगदी खरी वाटेल!"

फुलवंतानं विचारलं, "पिसं नाई?"

"नाहीत."

"लिंबं?"

"काढून टाकू."

"अन् रंग?"

दळवी घुटमळले. "थोडासा. अगदी थोडासा. कॅमेऱ्यात गोंड वाटायला पाहिजेस ना."

फुलवंतानं पायातली चप्पल काढली. दळवी दचकून मागं सरले. ती साजाजवळ गेली, वाकून राख ओंजळीत भरू लागली आणि झाडापासून दूर नेऊन टाकू लागली. नाचातल्या बाया एकेक करत तिच्या मदतीला गेल्या. त्यांच्या हातांचा काळा रंग राखेत मिसळत होता.

रविताबाईंनी श्यामलालसमोरचा रंगाचा मोठा डबा उचलला.

"अहो, तो राहू द्या!" दळवी ओरडले. "त्याच्याशिवाय शूटिंग कसं करू?"

"हा मुद्देमाल आहे," रविताबाई म्हणाल्या आणि डब्यावर लाखेची मोहोर लावायला त्यांनी पटल्यांकडं मेणबत्ती मागितली.