गंजीत कोंडलेला दुष्काळ

चंद्रावरच्या ‘नवं माण’ वसाहतीतल्या प्रयोगशाळेत डॉ. मंजुळा कोकरेने वायुमापकाचा आकडा तिसऱ्यांदा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. घुमटाखालचं कुरण चार महिने खुरटत चाललं होतं. पाणी मुबलक, उजेड मुबलक, तरी गवत बोटभराच्या वर जाईना. म्हणून उद्या पन्नासातल्या पंचवीस मेंढ्या कापायचं ठरलं होतं. तिने हाताने दूध पाजून वाढवलेल्या मेंढ्या होत्या त्या.

ती तडक वसाहतीचे प्रमुख म्हाळाप्पा शेंडगे ऊर्फ आण्णा यांच्याकडे गेली. आण्णा गोदामात वाळल्या गवताची गंजी रचत होते. उभी हयात दुष्काळी माणदेशात काढलेला माणूस. गंजी छताला टेकल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. वसाहतीचा नियमही त्यांनीच घातलेला: निम्मं गवत गंजीत घालायचं, ती मोडायची नाही आणि गंजी पुरी भरली की मगच कळप वाढवायचा.

“आण्णा, कत्तल थांबवा. उलट कळप दुप्पट करू.”

“डोकं फिरलं का काय तुझं? चारा न्हाई आन् मेंढरं वाढवती?”

“गवत कशावर वाढतं? हवेतल्या कर्बवायूवर. पृथ्वीवर तो अमाप आहे, कितीही गंजी रचा. इथं घुमट बंद. आपण सोबत आणला तेवढाच कर्ब. आज हवेत पृथ्वीच्या निम्माही उरला नाही.”

“मग गेला कुठं?”

मंजुळाने गंजीवर थाप मारली. “हा इथं. दुष्काळाच्या भीतीनं आपणच कोंडून घातलाय.”

आण्णा म्हणाले, “मग देऊ पेटवून!”

“धुरानं सगळे गुदमरू. मेंढी तेच काम सावकाश करते. चारा खाते, श्वासातून कर्बवायू सोडते, आणि वर कोकरू देते.”

आण्णांनी गंजीकडे पाहिलं. त्यांच्या जिवावर आलं होतं. “सहा म्हैनं दिलं,” ते म्हणाले. “गवत न्हाई वाढलं, तर सगळा कळप जाईल. मग माझ्या नावानं रडायचं न्हाई.”

माद्यांकडे नर सोडले, खुराक वाढवला. दोन महिने गवत ढिम्म हललं नाही. गंजी खचत गेली तशी माणसं मंजुळाला टोमणे मारू लागली, आणि आण्णांनी तर गोदामाकडे फिरकणंच सोडलं. तिसऱ्या महिन्यात वायुमापकाचा आकडा चढू लागला. सहाव्या महिन्यात कुरण गुडघ्याला लागलं, आणि सत्तर कोकरं त्यात उड्या मारायला लागली. मंजुळा सगळ्यांदेखत हसली आणि रडलीही. आण्णांनी भंडाऱ्याची मूठ घेऊन कळपावर उधळली आणि “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” म्हणून अशी आरोळी ठोकली की घुमट दणाणला.

त्याच दिवशी पृथ्वीवरून निरोप आला. तिथल्या अधिकाऱ्याला अजून जुनाच अहवाल ठाऊक होता.

“शेंडगेसाहेब, काळजी करू नका. तुमच्या दुष्काळासाठी दहा टन चारा यानात भरलाय. जागा हवी म्हणून तुमच्याकडे यायला निघालेली तीस कुटुंबं थांबवली.”

मंजुळा आण्णांकडे पाहत राहिली. फुकटचा चारा नाकारणारा माणूस माणदेशात जन्मला नव्हता. आण्णा पुढे सरकले.

“सायेब, चारा उतरवा,” ते म्हणाले. “हितं अजून पडून हाय. त्या तिसाच्या तीस घरांना बसवा यानात. आम्हाला श्वास घेणारी माणसं पायजेत.”