ओढ्यापल्याडचा हात

एलोदियाने त्याचा दंड पकडला तेव्हा त्याचा एक पाय हवेत होता. त्या पायाखालच्या ओल्या दगडावर अंगठ्याएवढा बेडूक बसला होता. काळाभोर, आणि अंगभर हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखे पिवळे ठिपके.

"पाय टेकलात की खटला संपला, वकीलसाहेब," ती त्याच्या कानाशी म्हणाली. ओढा एवढा खळाळत होता, की कानाशी लागल्याशिवाय बोलणंच व्हायचं नाही.

राजधानी क्वितोहून आलेला वकील तो हाच, हे तिने त्याच्या भिजलेल्या शहरी बुटांवरून ओळखलं होतं. नेफ्ताली एका पायावर डुलत राहिला. त्याने आधी बेडकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ.

"हाच का आपला अशील?"

"हाच. आणि तुम्ही त्याला नमस्कार न करताच चिरडत होता."

तांब्याच्या खाणीचा रस्ता या ओढ्यातून जायचा होता. इक्वादोरच्या कायद्याने नदीला, रानालाही हक्क दिलेले. त्यांच्या वतीने कुणीही कोर्टात उभं राहावं. गावातून उभी राहिली एलोदिया, चार गाई राखणारी, पानात गुंडाळून ताजं चीज विकणारी. हा बेडूक जगातून नाहीसा झाला, असं मोठमोठ्या पुस्तकांनी लिहून टाकलं होतं. तो उरला होता फक्त इथं, ती लहानपणापासून पाय सोडून बसायची त्या पाण्याशी.

खाण कंपनीचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी काठावर महिनाभर आवाज टिपणारी यंत्रं लावली, एकदाही डराव ऐकू आलं नाही. म्हणजे इथं बेडूकच नाही. फोटो काय, कुठलेही काढून आणता येतात. शेवटी न्यायाधीशबाई म्हणाल्या, गुरुवारी मी स्वतः येऊन बघते.

मधल्या आठवड्यात नेफ्ताली रोज सकाळी ओढ्यावर येऊ लागला. कागदांवरची शाई सुकली तरी बोलणं सुकेना. ती हुमिता आणायची, मक्याच्या पानात उकडलेली मक्याची वडी, वाफाळती. तो बोटं पोळून घ्यायचा आणि ती हसायची. एकदा तिने त्याला एक जोडी दाखवली. मादीच्या पाठीला नर घट्ट बिलगलेला.

"असा चिकटला की महिना-महिना उतरत नाही," ती म्हणाली. "खाणंपिणंही सोडतो."

"आणि ती काही म्हणत नाही?"

"काय म्हणणार? पण वाट तिची असते. ती नेईल तिकडं जायचं, त्याने नुसतं धरून राहायचं."

त्या दिवशी नेफ्तालीची टिपणं कोरीच राहिली.

गुरुवारी न्यायाधीशबाई रबरी बूट चढवून आल्या. अर्धा तास झाला, दगड रिकामेच. कंपनीचा वकील घड्याळाकडे बघू लागला. बेडूक दिसला नाही, तर पुढच्या सोमवारी इथं बुलडोझर उतरणार होता. एलोदिया मात्र दगडासारखी निवांत.

"ऊन त्या दगडावर येऊ द्या, बाईसाहेब," ती म्हणाली. "आणि कान नका लावू. डोळे लावा. या खळाळात हाका मारून कोण कुणाला ऐकू जाणार? म्हणून ते ओरडतच नाहीत."

"मग एकमेकांना बोलावतात कसे?"

"बघा."

उन्हाची तिरीप सरकत सरकत दगडावर आली. शेवाळातून एक पिवळा ठिपका हलला, मग दुसरा. बेडूक वर चढून बसला, त्याने पुढचा पाय उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवला. पल्याडच्या दगडावरून दुसऱ्याने तसाच हात हलवला. न्यायाधीशबाईंचाही हात नकळत वर गेला होता; तो त्यांनी घाईने खिशात घातला.

दुपारी गावच्या शाळेत निकाल वाचला गेला. रस्ता रद्द. ओढा बेडकांचा, आणि त्याला हात लावायचा अधिकार कुणालाच नाही. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, बायकांनी एलोदियाला ओढून ओढून मिठ्या मारल्या.

पण क्वितोला जाणारी चारची बस पल्याडच्या रस्त्यावरून सुटायची. ओढ्यावरच्या आडव्या ओंडक्यावरून नेफ्ताली पलीकडे गेला. तिथून वळून काहीतरी म्हणाला... लांबलचक, वकिलाला शोभेलसं. तिने कानामागे हात धरला. काहीच कळत नव्हतं. तो पुन्हा म्हणाला. तिने नाही अशी मान हलवली.

मग तो थांबला. बॅग खाली ठेवली. आणि उजवा हात उचलून हवेत सावकाश गोल फिरवला.

एलोदियाने त्याला थोडा वेळ तसाच फिरवू दिला. एवढं तर तिला शोभतच होतं. वर वळणावर बसचा भोंगा वाजला. त्याने मागं पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा कुठं तिने आपला हात उचलला.

तो ओंडक्यावरून परत आला, या वेळी प्रत्येक पाऊल बघून टाकत, आणि तिच्या कानाशी वाकला.

"बस गेली."

"दिसलं मला." ती गावच्या चढाला लागत म्हणाली, "वाट माझी असेल हं, नेफ्ताली."

"तू चाल," तो तिचा हात धरत म्हणाला. "मी धरून आहे."