सटीच्या रात्रीचं जादा मशीन

अवनी, तो टॉर्च बंद कर बघू. आणि कौस्तुभ, तुझा मोबाइल उपडा ठेव. मधेच उजेड पाडलात तर मी सरळ उठून जेवायला जाईन, मग बसा रात्रभर अर्धी गोष्ट घेऊन. भुतं खरंच असतात का, हे मला विचारायचं नाही. मी जन्मभर गणित शिकवलं. विश्वेशने मला जे सांगितलं तेवढंच सांगतो. विश्वेश माझा विद्यार्थी, कुडाळला कंप्युटरचा क्लास घेतो तो. शाळेत थाप मारायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे. हे सांगताना कान लाल नव्हते. चेहरा मात्र चुन्यासारखा झाला होता.

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. विश्वेश संध्याकाळी स्कूटर काढून आरोंद्याला निघाला, खाडीकाठच्या सासुरवाडीला. त्याची बायको नीरजा तिथे बाळंत झाली होती. पहिली मुलगी. आणि ती रात्र सटीची, म्हणजे बाळाची सहावी. त्या रात्री घरातल्या कोणीतरी बाळाच्या राखणीला जागं राहायचं असतं. पूर्वी भजनं म्हणायचे, पत्ते कुटायचे. पण नीरजाचे वडील नाहीत, भाऊ परगावी, तेव्हा जागरण आलं जावयाच्या गळ्यात. त्यालाही ते सोयीचंच होतं. सोमवारी सकाळी त्याची नवी बॅच सुरू व्हायची होती आणि मुलांची मशीनं अजून उभी करायची होती.

"माका रातभर काम आसाच," तो सासूबाईंना म्हणाला. "जागोच रवतलंय."

सासूबाई म्हणजे जानकीबाई. बोलायला कमी, पण बोलतील ते ठाम. "जावयबापू, जागरण म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवचे न्हय. दारा-खिडक्यो बंद. आणि भायरसून कोणी हाक मारल्यान तर एका हाकेक ओ देव नको. माणूस आसलो तर परत मारतलो."

विश्वेश हसला, पण ऐकलं सगळं. पुढचं दार, मागचं दार, खिडक्या, स्वयंपाकघरातलं गवाक्षसुद्धा त्याने स्वतः लावलं. शिकलेला असला तरी आत सहा दिवसांची पोर होती, आणि तिच्यावर त्याचा असा जीव जडला होता की त्याचं त्यालाच हसू यायचं. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याला पाठ टेकून तो बसला. उंबऱ्यावर सासूबाईंनी ठेवलेली कोयती, मांडीवर लॅपटॉप. आत नीरजा, बाळ आणि सासूबाई.

आता ही मशीनं म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती हाताला लागत नाहीत. लांब कुठल्यातरी शहरात मोठमोठे कंप्युटर असतात, त्यांतला एकेक तुकडा भाड्याने घ्यायचा आणि प्रत्येक मुलाला एक द्यायचा. क्लाउड म्हणतात त्याला. मूल आपल्या घरी बसून त्या मशीनवर शिकतं. विश्वेशच्या पडद्यावर प्रत्येक मुलाच्या नावाचा एक चौकोन. कोणाला आत यायचं असेल तर तो चौकोन टिंग करून विचारतो, आत घ्यायचं का? विश्वेशने होय म्हटल्याशिवाय कोणालाही आत येता येत नाही. आला की चौकोनात हिरवा ठिपका लागतो.

आणि या सगळ्यांवर एक जादा मशीन. ते सगळेच शिकवणारे ठेवतात, आयत्या वेळी एखादं बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. त्याला कोणाचं नाव नाही. त्याचा पत्ता कोणाला पाठवलेला नाही. पंगतीत एक पान जास्त मांडावं तसं ते मांडून ठेवलेलं.

दहाच्या सुमाराला टिंग वाजलं. फोंडाघाटचा पुष्कर, नव्या बॅचमधला. भारी उतावळा मुलगा. विश्वेशने लक्ष दिलं नाही. परत टिंग. परत. मग फोनच आला.

"सर, घेवा की आत! नुसता बघतंय."

"सोमवारी बघ. झोप आता गुपचूप."

त्यानंतर शांत. आत बाळ किरकिरलं, नीरजाने पाजलं, पुन्हा निजलं. साडेबारा वाजून गेले. सगळी मशीनं तयार झाली. विश्वेशने हात वर करून आळस दिला. डोळे जड झाले होते.

टिंग.

पुष्करच असणार. दम निघतोय कुठे त्याला! आता काम झालंच होतं. "ये बाबा एकदाचा," असं पुटपुटत विश्वेशने होय दाबलं.

दाबल्यावर बघितलं.

हिरवा ठिपका पुष्करच्या चौकोनात नव्हता. जादा मशीनच्या चौकोनात होता.

पोरांची चेष्टा, दुसरं काय? त्याने पुष्करला फोन लावला. बराच वेळ वाजला. "सर...? मी कवाच झोपलंय..." पोरगं खरंच झोपेतून उठलेलं. आवाजावरून कळतं ते.

विश्वेशने तो चौकोन मोठा केला. पांढरं कोरं पान. कोपऱ्यात रेघ लुकलुकत होती. मग अक्षरं उमटायला लागली. सावकाश. एकेक. लिहायची सवय नसलेल्या माणसाने एका बोटाने चाचपडत लिहावं तशी.

चेडू निजला?

मुलगी झोपली का...

त्या मशीनवर मराठी लिहायची सोयच त्याने अजून घातली नव्हती.

 त्याने मागे वळून खोलीत पाहिलं. अंधारात नीरजाचा श्वास ऐकू येत होता. सासूबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या. त्याच्याकडेच बघत होत्या.

"काय झाला?"

त्याने सांगितलं. हसत सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"कितीदा वाजला ता?"

"एकदाच."

सासूबाईंनी नीरजाच्या शेजारून बाळ उचललं. मांडीवर घेतलं. भिंतीला पाठ लावली. पदराने बाळाला पुरतं झाकलं. मग हळूच म्हणाल्या, "दारा सगळी लायलात... आणि हय ओ दिलात?"

विश्वेश मला म्हणाला, "मास्तर, त्या क्षणी मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं." घरातलं प्रत्येक दार त्याने लावलं होतं. राखणीला तोच बसला होता. आणि आत घेणाराही तोच.

"तुमी घेतलात. तुमीच भायर काढा," सासूबाई म्हणाल्या. "माझा ऐकाचा नाय ता."

त्याने लिहिलं, जा.

रेघ लुकलुकली. थांबली.

वाईच बघतंय. मगे जातंय.

जरासं बघते आणि जाते... की जातो. कोण जाणे!

त्याने ते मशीन कायमचं पुसून टाकलं. चौकोन गेला. ठिपका गेला. त्याने श्वास सोडला.

शेजारच्या चौकोनात हिरवा ठिपका लागला. पुष्करच्या. टिंग न वाजता.

तेही पुसलं.

त्याच्या शेजारी लागला.

पुसलं.

पुढचा.

संध्याकाळपासूनची मेहनत. सोमवारचा वर्ग. पहिलीच मोठी बॅच. सगळं त्याला आठवत होतं. तरी तो पुसत गेला. एक चौकोन. मग दुसरा. ठिपका पुढे सरकत होता. दर वेळी अगदी शेजारी. चालत आल्यासारखा... पडद्याच्या या काठाकडे.

शेवटी एकच चौकोन उरला. त्याचा स्वतःचा, ज्यावरून तो शिकवायचा तो.

त्यात हिरवा ठिपका.

पुसला.

पडदा रिकामा झाला. विश्वेशने नेटची वायर उपटली. लॅपटॉप मिटला. काळोख झाला.

काही नाही...

काहीच नाही.

मग खोलीत बाळ हसलं. खुदकन. मोठ्याने. कोणीतरी तोंडापुढे येऊन खेळवावं तसं.

सहा दिवसांचं मूल आवाज काढून हसत नाही रे.

"आई?" विश्वेशने हाक मारली.

सासूबाईंनी ओ दिली नाही.

त्याने पुन्हा हाक मारली. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आसंय. चेडू माझ्याकडेच आसा. उजवाडेपर्यंत आता बोला नको." त्यांचा आवाज रडवेला झाला होता. विश्वेश उठला, उंबरा ओलांडून आत गेला आणि त्यांच्या पायाशी बसला. उजाडेपर्यंत दोघं तसेच. बाळ मांडीवरून खाली ठेवलं नाही, पदर काढला नाही.

सकाळी सगळं ठीक होतं. दारं लावलेली, कड्या जागच्या जागी. नीरजाला रात्रीचं काही माहीतच नव्हतं. बाळ दूध प्यायलं, झोपलं. विश्वेशने रविवारी भर दुपारी बसून सगळी मशीनं पुन्हा उभी केली, जादा मशीन तेवढं ठेवलं नाही, आणि सोमवारचा वर्ग पार पडला. भिऊन आपण वेड्यासारखं वागलो, असं तो स्वतःला समजावतही होता.

पण त्या रविवारी सकाळी बाळाला न्हाऊ घालायला राधाबाई आल्या होत्या. पायांवर बाळ घेऊन तेल लावता लावता त्या थांबल्या.

"पायाक तीट कोणी लायल्यान गो?"

नीरजाला वाटलं आईने. आईने मान हलवली.

डाव्या तळव्यावर, मधोमध, अंगठ्याने टेकवावा तसा काळा ठिपका. काजळ नव्हतं ते. राधाबाईंनी चोळून बोट नाकाशी नेलं. चिखल होता. खाडीतला. ओला.

तेलाने गेला नाही. पाण्याने गेला नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मखूण असेल.

पोरगी आता दुडूदुडू धावते. कुडाळच्या बाजारात, दुसऱ्या मजल्यावर राहतात ती. तीट अजून आहे. एरवी कोरडी असते. तिकडे आरोंद्याच्या खाडीला भरती लागली की ती ओली होते. फरशीवर एकाच पायाचा माग उठतो. नीरजा तो पुसून घेते.