ज्येष्ठेचा जोडीदार

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी लागली, आणि घोंगडीत गुंडाळलेली लांबलचक नळी आधी खिडकीतून आत आली... थेट प्रतिक्षाच्या मांडीवर!

"धरा की जरा! आत आरसा हाय, फुटंल."

"आन् माझा पाय मोडला तर?"

"पाय जुळतो. आरसा न्हाय जुळत," म्हणत तो हसत आत शिरला.

हा नागेश, बारामतीजवळच्या जळोचीचा. कॉलेजात फिजिक्स शिकायचा. स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून दर शनिवारी शेळगावच्या पोरांना आकाश दाखवायचा. प्रतिक्षा शेळगावचीच, बारामतीत बी.ए.ला. मग शनिवारची तीच गाडी, तिनं राखलेली शेजारची जागा, उगाच काढलेल्या खोड्या...

श्रावणातल्या एका शनिवारी मात्र ती गप्प होती. उतरताना म्हणाली, "उद्या पाव्हणं येणार हायत. मला बघायला."

नागेशच्या मुठीत तिकीट चुरगळलं. पण तो काही बोलला नाही. तेच तिला झोंबलं.

तिन्हीसांजेला ती शाळेच्या मैदानावर गेली. पोरं अजून यायची होती; नागेश दुर्बीण मांडत होता. दक्षिणेला, वृश्चिकात, ज्येष्ठा तांबूस उजळली होती.

"केवढा राक्षसी तारा," नागेश तिची नजर चुकवत म्हणाला. "त्याला जोडीदार हाय. पण ह्याच्या झगमगाटात दिसतच न्हाय. मला तर कधी सापडला न्हाय."

तिनं दुर्बिणीला डोळा लावला. लाल ठिणगी थरथरत होती... आणि अगदी कडेला, क्षणभर—

"दिसला! हिरवट!"

"खरं?" तो वाकला. त्याचा श्वास तिच्या गालाला लागला.

"प्रतिक्षा!"

मागं तिचे वडील उभे होते, दादासाहेब.

"दादासाहेब, चूक माझी हाय—" नागेश पुढं झाला.

"चूक कसली?" प्रतिक्षा त्याच्या पुढं येऊन उभी राहिली. "आबा, पाव्हण्यांना येऊ नका म्हणा. मला ह्यांच्याशीच लगीन करायचंय." मग नागेशकडं वळून, "आन् तुमी? कवा बोलणार हुता?"

"रोज बोलत हुतो... मनात."

दादासाहेबांनी एकदा दुर्बिणीकडं पाहिलं, एकदा दोघांकडं.

"शनिवारी गाडीतनं उतरली की ही सांजंपतूर मैदानाकडं बघत दारातच उभी असती," ते म्हणाले. "मला दिसत न्हाय व्हय? पाव्हणं ठरवलं, तरी तुझ्या तोंडून कवा निघतंय, त्याचीच वाट बघत हुतो, पोरी." मग नागेशला, "उद्या वडलांना घिऊन ये. पाव्हण्यांना मी निरोप धाडतो."

नागेशनं नुसतीच जोरात मान डोलावली.

"घिऊन येतील ते," प्रतिक्षाच म्हणाली.